परतीचं पाणी

मिसेस सग्डेन म्हणाली, रेडिएटर बिघडवलास तू.
हात ठेवला तरी चटका बसत नाही.
हॅलिफॅक्सच्या चढावर चौऱ्याहत्तर हिवाळे काढलेली बाई,
तिच्या हिशेबी चटका म्हणजेच ऊब.

बिघडवलं नव्हतं काही.
बॉयलरचा आकडा पंच्याहत्तरवरून
पंचावन्नवर आणला होता, इतकंच.
आणि जिन्याखालचा पहिला रेडिएटर
वाढप्याने पहिल्याच पानावर पातेलं उपडं करावं
तसं सगळं पाणी एकटा ढोसत होता,
मागची खोली उपाशी.
त्याच्या बुडाची टोपी काढून पान्याने वॉल्व्ह आवळला,
अर्धा फेरा, मग अजून थोडा.
वरच्या मजल्यावर हवा अडकलेली.
किल्ली फिरवली तर आधी फुस्स,
मग काळं पाणी, थेट माझ्या बाहीत.

तिला सांगायचं होतं ते असं:
गॅस जळतो तेव्हा वाफही होते,
आणि ती धुराड्यातून सटकते
घरातली ऊब खिशात घालून.
बाहेर थंडीत जो पांढरा लोट दिसतो ना,
तुमच्या बिलातला काही भाग आहे तो.
तिला अडवायला आत गार पाणी लागतं.
नवं नाही, परतीचं.
घरभर हिंडून, खोलीखोलीत काहीतरी ठेवून
निवत निवत आलेलं.
त्याच्या अंगाला टेकली की वाफेचे थेंब होतात
आणि खिसे रिकामे करावे लागतात तिला.
ऊन पाणी ऊनच परतलं
तर समजायचं, कुणाकडे बसलंच नाही,
उंबऱ्यावरूनच माघारी आलं.

यातलं मी निम्मंच बोललो.
ती म्हणाली, म्हणजे दिवसभर चालू ठेवू?
बिल कोण भरणार, तुझा मामा?
मंद आचेवर जास्त वेळ, मी म्हणालो,
भडक्यापेक्षा कमीच जाळतं.
तिने चहाचा कप उचलून नेला. अर्धा उरला होता माझा.

निघताना पक्कं ठाऊक होतं,
मी कोपऱ्यावर वळलो की ही आकडा वर नेणार.

जानेवारीत फोन आला, सकाळी सहाला.
बॉयलर खाकरतोय, म्हणाली, आणि बंद पडतोय.
परसात जाऊन पाहिलं,
त्या थेंबांना बाहेर नेणारी बोटभर जाडीची नळी
भिंतीवर बाहेरच्या बाहेर गोठलेली.
किटलीतलं कोमट पाणी ओतत उभा राहिलो.
उकळतं नाही, नळी तडकते.
तीन किटल्या झाल्यावर आत काहीतरी सुटलं
आणि गटाराच्या जाळीवर ठिबकायला लागलं.

आत येऊन आकडा बघितला.
पंचावन्न.

मी काही विचारलं नाही.
तिनेच बोट दाखवलं.
मांजर, पिकल नाव तिचं, चौदा वर्षांची, एका डोळ्याने अधू,
पूर्वी रेडिएटरपासून हातभर लांब झोपायची,
आता त्याला पाठ चिकटवून पडली होती,
हनुवटी पाइपवर, पाय चारी दिशांना.
मला काय कळतंय, मिसेस सग्डेन म्हणाली,
तिला विचार.
भिंतीवरच्या तापमापकात एकोणीस होतं.
या वेळी चहा पुरा प्यायलो.

त्या दिवशी अशाच गोठलेल्या नळ्या, अजून पाच घरी.
एकाकडे कुत्रा चावायला आला,
एकाने पैसे शुक्रवारी देतो म्हणून सांगितलं.
घरी पोचलो तेव्हा बोटांत जीव नव्हता,
किल्ली कुलपात जाईना.
ग्लेनिसने दार उघडलं,
आण इकडे, म्हणाली,
आणि दोन्ही हात आपल्या काखेत धरून
शिव्या देत उभी राहिली.

मी तिला काहीच समजावलं नाही.