अठरा मिनिटांचं गाव

पहाटेचे पावणेपाच. फलाट एक.
बाकड्यावर मी, मफलर, आणि पाकिटाच्या पाठीवर
बॉलपेननं आखलेले दीड दिवस.

एकवीस वर्षं या गावातून गेलो,
या गावात कधी आलो नाही.
टपालाच्या डब्यात, भुसावळहून दुर्गकडे,
खणांच्या फळीपुढे उभ्या उभ्या
नागपूर मी हातानं वाचलं.
बारा म्हणजे धंतोली, बत्तीस महाल, अठरा गांधीबाग.
लग्नसराईत गांधीबागेचा खण आधी भरायचा,
धंतोलीला बारा महिने औषध कंपन्यांची जाड पाकिटं.
गाडी थांबायची अठरा मिनिटं.
थैल्या उतरवा, थैल्या चढवा, सही, शिक्का,
जमलाच तर अर्धा चहा.
दारातून दिसायचा तेवढा लाल दगड,
सावनेरचा, असं हमाल सांगायचा.
त्यापलीकडे शहर आहे
हे मी पत्त्यांवरून मान्य केलेलं.

घाटोळे फोनवर म्हणाला,
"दीड दिवसात काय होते जी?
रविवारी तर्री-पोहे खाता खाताच दुपार होते.
सोमवारी अजब बंगला बंद राह्यते.
अन् किल्ला पाहाचा असन त सव्वीस तारखेले या,
वर्षातून तीनदाच उघडते तो."
माझं परतीचं तिकीट पंचवीसचं, रात्रीचं.
बदलता आलं असतं.
नाही बदललं. नागपूरला वेळ कमी पडायची
सवय झाली आहे अंगाला.

तर मग असं.
सात वाजता शून्य मैलाचा दगड.
चार घोडे आहेत म्हणे, आणि गावांची अंतरं.
त्यात भुसावळ आहे का, ते बघायचंय.
मग महाल. महालातले पत्ते सगळे
कशाच्या तरी मागे असायचे:
कोतवालीमागे, विहिरीमागे, कल्याणेश्वरामागे.
भोसल्यांचं राज्य गेलं, मागे एवढं उरलं.
दुपारी घाटोळेकडे सावजी,
"झेपन ना?" त्यानं दोनदा विचारलंय.
संध्याकाळी दीक्षाभूमी.
ऑक्टोबरात तिथून निघालेली पोस्टकार्डं
वाचू नयेत ती मी वाचली आहेत:
सुखरूप पोचलो. गर्दी फार. पाय दुखतात. आनंद आहे.

आणि एक ओळ दोनदा खोडून
तिसऱ्यांदा लिहिली आहे.
दर दिवाळीआधी एक निळं आंतर्देशीय यायचं,
चोपड्याचा शिक्का, मोडकं अक्षर:
सौ. सगुणाबाई, किल्ल्याखाली, कडुनिंबाजवळ, नागपूर.
पिन नाही, आडनाव नाही.
नियमानं परत जायला हवं होतं.
मी बारात टाकायचो. सीताबर्डी बारातच,
पुढचं पोस्टमनच्या पायांवर.
पुढच्या दिवाळीला पुन्हा यायचं,
म्हणजे पोचत असणार.
किंवा लिहिणाऱ्याला कुणी कळवतच नसणार.
किल्ल्याखाली आता चपलांची दुकानं आहेत,
मोबाइलची कव्हरं, चार्जर.
कडुनिंब असेल तर असेल.
मी कुणाला विचारणार नाही. नुसता
त्या पत्त्यावर थोडा वेळ उभा राहीन,
उतरवून ठेवलेल्या थैलीसारखा.

पाच वाजून तीन.
पाय आपोआप उठतात, डब्याकडे वळतात.
समोर रिकामे रूळ, एक कुत्रं,
अठरा मिनिटं संपली
आणि कुणी शिटी दिली नाही.

घाटोळे सहाला येणार, पश्चिमेच्या दाराशी.
मी मात्र पुलावरून पूर्वेला चाललोय,
कारण वास तिकडून येतोय.
ट्रक मागे घेताहेत, पेंढा, खोकी,
फुटलेल्या संत्र्यांवर टायरचा आवाज,
आणि डोक्यावर पाटी घेतलेला एक जण
माझ्यावर खेकसतो, "अबे काका, सरका ना बे!"

यादी खिशात.
कुठं सरकायचं, ते
तिच्यात लिहिलेलं नाही.