जालना ते नांदेड, डावीकडून उजवीकडे

फोनला विचारलं, जवळात जवळचं कॉमिक्सचं दुकान.
फोन म्हणाला, नांदेड. चार तास वीस मिनिटं.
मंदाकिनीनं त्याला डॅशबोर्डवर पालथा घातला.
माणसांना विचारत जाऊ, म्हणाली,
माणसं चुकली तर निदान चहा तरी पाजतात.

परतूरला स्टँडसमोर एक पाटी,
उन्हानं पांढरी पडलेली : पुस्तकालय.
आत झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड,
तलाठी भरतीचे सराव-संच पार छतापर्यंत.
कॉमिक्स? गल्ल्यावरच्या पोरानं मान वर केली.
केवढं आहे लेकरू?
बावन्न वर्षांचं, मंदाकिनी म्हणाली.
दोन आहेत.

सेलूत मीच गाडी हळू केली.
इथं बाळू पेपरवाल्याचा गाडा असायचा,
दोरीवर चिमट्यांनी टांगलेले अंक,
एका दिवसाचे चार आणे,
कोपरा दुमडला तर पाच पैसे वर.
पोरींना द्यायचा नाही, फाडतात म्हणायचा.
मी भावाच्या नावावर न्यायचे.
भावानं जन्मात एक उघडला नाही.

कप्तान तडाखा, अंक अकरा, शेवटचं पान :
तो घंटाघरावरून पडतोय,
टोपी त्याच्या आधी खाली पोचलीय,
आणि कोपऱ्यातल्या चौकटीत एकच शब्द,
क्रमशः.
बारावा पुढच्या गाडीनं येईल, बाळू म्हणाला.
मी मनमाड पॅसेंजरच्या वेळा पाठ केल्या,
उशिरा येण्याच्या वेळासुद्धा.

गाड्याच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे.

मानवत रोडला भज्यांखालचा कागदही
आम्ही उलटून पाहिला.
कुणाचा तरी भूमितीचा पेपर, बावीस गुण,
तेलानं वर्तुळ पुसलेलं.

परभणीत सोपानराव रद्दीवाले
काट्यावर गठ्ठा ठेवत म्हणाले,
कॉमिक्स काय अन् पंचांग काय, भाव एकच.
सव्वा किलोत एक निघालं, मुखपृष्ठ नसलेलं,
नायिकेला कुणीतरी निळ्या पेननं
पानोपानी मिशा काढलेल्या,
शेवटी शेवटी चांगला हात बसलेला.
मंदाकिनीनं ते मांडीवर घेतलं
आणि पूर्णा येईपर्यंत बोललीच नाही.

नांदेडात, इतवाऱ्याच्या एका बोळात,
शिवणयंत्राच्या सुट्या भागांच्या दुकानामागं
खरंच होतं. फोनचं खरं होतं.
काचेच्या कपाटात जाडजूड जपानी खंड,
प्लास्टिकात गच्च गुंडाळलेले,
आणि काउंटरवर तहूरा, कॉलेजात जाणारी.
आंटी, उलटं धरलंय, ती हसली.
हे उजवीकडून वाचायचं, शेवटाकडून.
मी शेवटाकडून उघडलं आणि चुकतच राहिले,
मार आधी खाल्ला जात होता, भांडण नंतर.

मागं खुर्चीत तिचे आजोबा, हबीबुल्ला सर,
तीस वर्षं उर्दू शाळेत शिकवलेले,
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
उलटा कायका, बाजी?
ये तो अपनीच तरफ से खुलती.
आणि बोटानं दाखवत गेले,
इथून इथं, मग खाली, मग परत इथून,
ज्या सहजतेनं ते रोज सकाळी पेपर वाचत असतील.
कप्तान तडाखा? त्यांनी आठवून पाहिलं.
नाही बाजी. इथंपर्यंत नाही आला तो.

परतीला अंधार पडला होता.
नांदेड, पूर्णा, परभणी,
सगळी गावं आता उजवीकडून डावीकडं येत होती.
मंदाकिनी चालवत होती.
मी डोळे मिटून अकरावा अंक
सरांच्या बोटानं वाचून पाहिला :
आधी टोपी उठली,
रस्त्यावरून, धूळ झटकत,
मग तो, पाय वर करून, तिच्यामागं,
खिडकी, दुसरी खिडकी, घड्याळाचे काटे,
आणि कठड्यावर दोन्ही पाय नीट टेकले त्यानं.
खाली कुठंही शब्द नव्हता.

झोपलीस का गं, मंदाकिनी म्हणाली,
सुटे काढ, सेलूला चहा घेऊ.