अक्षरामागे दोन रुपये

व्यायामशाळेच्या दर्शनी भिंतीवर
गावच्या खेळाडूंची चरित्रं लिहायची, असा ठराव झाला.
मजकूर माझ्याकडे,
कारण तीस वर्षं शिट्टी माझ्याकडे होती.
पेंटर लाखांदूरचा. अक्षरामागे दोन रुपये,
काना-मात्रा फुकट.
जन्मभर धावलेला माणूस
चार ओळींत बसवायचा होता.

दसरू मेश्राम. गोऱ्यांच्या काळात डाक घेऊन
जंगलातून धावायचा, भाल्याला घुंगरू बांधून,
वाघाला आधी कळावं म्हणून.
मंडईच्या शर्यतीत पहिला. बक्षीस पितळी गडवा.
घुंगराशिवाय धावताना म्हणे त्याला पाय आपले वाटेनात.
हे शेवटचं वाक्य सरपंचांनी खोडलं.
सेहेचाळीस रुपये वाचले.

पैकाजी हटवार, कोष्टी.
दिवसा माग, दिवेलागणीला आखाडा.
एकवीस कुस्त्या मारल्या, बाविसावी गेली
पवनीच्या एका मिसरूड न फुटलेल्या पोराकडे.
घरी येऊन पैकाजीनं आठ दिवस दार लावून घेतलं.
लोक म्हणाले, मनाला लावून घेतलं.
आतून मागाचा आवाज येत होता, तो कुणी ऐकला नाही.
नवव्या दिवशी काठाचा फेटा काखेत मारून
तो पायी पवनीला निघाला.
पोराचं डोकं लहान, फेटा कानांवर उतरत होता.
"वाढशीन," एवढंच बोलला.

आडकू भोयरच्या नावावर ग्रामसभा तुटली.
शंकरपटातला धुरकरी, तीन तालुक्यांत पहिला.
पण धावले तर बैल, म्हणाले विरोधी पॅनेलवाले,
मग पाखऱ्या-शेंद्र्याची नावं लिहा.
रात्री अकरापर्यंत चाललं.
शेवटी पेंटरच कंटाळला
आणि दोन बैल फुकटात काढून मोकळा झाला.
एक जरा म्हशीसारखा आलाय.

गुणवंता लांजेवार, कबड्डी. एका दमात सहा गडी.
पुढे धानाच्या मिलवर कोंडा उपसत राहिली,
तो दम तिथेच गेला.
मी लिहिलं, "दीर्घ आजाराने निधन."
मिल सरपंचांच्या साळ्याची आहे.

आणि रुखमा नेवारे, ढिवरांची.
चुलबंद पुरात असताना
बाळंतिणीच्या औषधाची पुडी दातांत धरून पार गेलेली.
चौऱ्याऐंशी साली मीच तिला नागपूरला नेलं,
फरशी लावलेल्या निळ्या तलावावर.
शिट्टी झाली. ती पुढे,
एवढी पुढे की मी बाकावर उभा राहिलो.
मग भिंत आली. ती थांबली.
बाकीच्या पोरी गिरकी घेऊन परत फिरल्या,
ही भिंतीला धरून माझ्याकडे बघत राहिली.
पाणी पार केलं की पलीकडे चढायचं असतं.
परत कशाला यायचं,
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
कुणी म्हणजे मी.

भिंतीवर: रुखमा नेवारे, जलतरण, सहभाग.
"सहभाग"चे आठ रुपये.

अनावरणाच्या आदल्या संध्याकाळी ती आली,
मोतीबिंदूचा डोळा, टोपलीत झिंगे.
भरतीची तयारी करणाऱ्या पोरी
धुरळा उडवत रस्त्यानं गेल्या,
त्यांनी भिंतीकडे पाहिलंही नाही.
"माहं कोन्तं, मास्तर?"
मी तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं.
रंग ओला होता.
"म्हंजे पुन्हा भितच का जी?"
म्हणाली, आणि हसत हसत
बोटाचा निळा रंग पदराला पुसला.

नेवारेतला "रे" फिसकटला होता.
पेंटर म्हणाला, पुन्हा काढायचे दोन रुपये.
ते मी दिले.