चार टक्के

दुपारी आकडा आला: चार टक्के वेगवान.
मेल लिहायला घेतला, आणि आठवलं,
मधेच नान्नांनी कूलरमध्ये
बादलीभर पाणी ओतलं होतं.

सोलापूरचा मे. विणकर वसाहतीत पत्रा तापतो,
चिपही तापते, मग आपणहून दमानं घेते.
ड्रायव्हरमधल्या माझ्या चार ओळींचा
त्यात काय हात?

रात्री दीडला, शेजारच्या कोडमांचे माग थांबल्यावर
सगळं पुन्हा मांडलं.
चिपची गती एका जागी बांधली.
पहिल्या वीस फ्रेम सोडल्या, त्या अंग मोकळं करण्याच्या.
तेव्हा सापडली चूक, जुनी, माझीच:
काम सोपवलं की मी वेळ थांबवत होते,
झालं का, ते न विचारता.

नान्ना जागेच. चाळीस वर्षं जॉबर.
स्क्रीनकडे न बघता म्हणाले,
"धोट्यातलं सूत संपलं तरी मीटर फिरतंच गं.
मालक मीटर वाचायचा,
मी कापडावर हात फिरवायचो."

तीनशे वेळा चालवलं.
सरासरी नको, ती एका उचकीनं बिघडते;
मधला आकडा घेतला.
फरक शून्य पूर्णांक तीन,
मापाचीच थरथर शून्य पूर्णांक पाच.

लिहिलं, "फरक आढळला नाही."
नान्नांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं.
"याचे पैसे देतात?"
देतात, म्हटलं.
ते बराच वेळ हसत होते.

साडेसहाला कोडमांचा पहिला माग धडधडला,
आणि स्टॅबिलायझरचा काटा
जरासा खाली आला.