पत्ताच दिला तर

दांडिया बाजारातल्या क्लासात
फळ्यावर लिहिते: नुसती किंमत पाठवली
तर आत जाते नक्कल.
फंक्शनने तिचं काहीही करावं,
बाहेरचा व्हेरिएबल ढिम्म.

"अन् पत्ताच दिला तर, मॅडम?"
मागच्या बाकावरची झंखना.

"तर आत नाव वेगळं,
वस्तू तीच."

खडू जरा थांबतो.

ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलं होतं: मैथिली.
ग्वाल्हेरहून आलेली शलाका
त्याच्याखाली.

फंक्शन संपलं की आतलं नाव उरत नाही.
माझंही कोर्टाच्या पायरीवर गळालं,
अकरा वर्षांनी.
केलेले बदल मात्र बाहेर येतात सोबत:

आमटीत गूळ
अजून त्या घरच्याइतकाच पडतो.

"लिहून घ्या," म्हणते,
"परीक्षेला हमखास येतं."