मिठाचं माप

आमच्या घरात थोरला मुलगा पाण्यात जातो.
हे बोलायचं नसतं, तरी सगळं केटा जाणून आहे:
पणजोबांचा थोरला खाजणात, आजोबांचा समुद्रात,
आणि माझा भाऊ क्वासिगा भर दुपारी,
गुडघाभर पाण्यात, जाळं सोडवताना.

समुद्र इथे सगळ्यांचीच घरं खातो.
आमच्याकडे तो नाव विचारून येतो, आई म्हणायची.

पेटीच्या तळाशी एक लाकडी माप होतं,
काठ झिजलेला, आत अजून पांढरी रेघ.
पणजोबा आहियावोर त्यानं मीठ मोजायचे, एवढंच आम्हाला ठाऊक.
कशाच्या बदल्यात, ते क्वासिगाला पुरल्यावर
म्हाताऱ्या काकानं सांगितलं,
ताडी पिऊन, भिंतीकडे तोंड करून:
उत्तरेकडून आणलेला पुरुष, बावीस मापं.
बाई, अठरा.
कडेवर मूल असेल तर ते वरकड.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
त्या मिठाला कसं जागायचं, काका?
काका झोपला होता.

मग मी लोमेच्या रस्त्यावरच्या त्या तंबूत गेले.
तीन मंगळवार उपास, तेलाची बाटली, पाचशे सेडी.
"तुझ्या रक्तात साखळी आहे!" संदेष्टा माईकवर ओरडला.
मी खाली पडले, कारण शेजारच्या पडल्या होत्या.
घरी येऊन दाराची कडी पुन्हा तपासली.
आत एडेम, माझा एकुलता एक. अकरा वर्षांचा,
समुद्राच्या काठी वाढलेला,
आणि त्याला पोहता येत नाही.

पुण्य गुरुवारी आमच्या जुन्याच देवळात
डीकन आकोसुवा प्याला घेऊन बाकाबाकानं येत होती.
एकच प्याला, काठ पुसत, फिरवत.
मागच्या बाकावर आब्लावी.
त्यांच्या घरचे मागेच बसतात. बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.
कुणाचं मूळ विचारू नये, ही आमच्या गावाची रीत,
आणि त्या रीतीखाली आम्ही किती गार सावलीत बसलो होतो.
प्याला ओठांशी आला.
त्यानं सगळं देणं फेडलंय, हे मला लहानपणापासून पाठ.
पण देणं होतं, हे मी कधी कुणापाशी कबूल केलं?
गिळताना घसा चरचरला.

शनिवारी सकाळी माप पदराखाली घेऊन निघाले.
आब्लावी मिठागरात मीठ ओढत होती.
वाटेत जुळवलेलं सगळं विसरले. नुसते आकडे सांगितले.

ती रडली नाही.
"माझ्या आजीला तिच्या आईचं नाव माहीत नव्हतं," म्हणाली.
आणि थोड्या वेळानं,
"अठरा म्हणालीस?"
"अठरा."

तिनं माप घेतलं, नव्या मिठानं शिगोशीग भरलं
आणि पाण्यात ओतलं.
पुन्हा भरलं. ओतलं.
मी मदतीला हात पुढे केला, तो तिनं कोपरानं सारला.
अठराव्यानंतर माप उलटं टाकून त्यावर बसली,
घाम पुसला.
मी माफी मागितली तेव्हा ती पाण्याकडे बघत होती.
"ते मी त्याच्याशी बोलेन," म्हणाली, "मला वेळ लागेल.
तुझा पोरगा कुठंय?
टोपलीचं दुसरं टोक धरायला माणूस हवं."

कडी काढताना माझे हात थरथरत होते.
तंबूतली प्रार्थना आठवेना. एकच नाव तोंडात होतं,
तेच घोळवत, मुलाचं मनगट धरून, मी चालत राहिले.

शाप गेला का, बाया विचारतात.
मी काय सांगू? क्वासिगा परत आलेला नाही.
पुढच्या गुरुवारी मी मागच्या बाकावर बसले,
आब्लावी थोडी सरकली. फार नाही.

पण त्या शनिवारी, टोपल्या संपल्यावर,
तिनं एडेमला कमरेपर्यंत पाण्यात नेलं.
मी काठावर, मुठीत मीठ.
त्याला आडवं केलं, पाठीखाली हात धरला.
"अंग सोड," ती त्याला सांगत होती,
"खारं पाणी आहे. ते धरतं."