साडेसहा

बस, डेन्झिल. कोट राहू दे अंगात,
या हॉलचा हीटर नुसता नावाला.
आधी पाणी पी. घोटभर नाही, अख्खा ग्लास.
आता सांग, दुखणं किती, दहापैकी?
मला बरं वाटावं म्हणून कमी करू नकोस.

"खांदा. आठ."

आठ. लिहून ठेवते,
बिंगोच्या जुन्या कागदाच्या पाठीवर,
कारण कमी झालेलं दुखणं माणूस विसरतो
आणि मग म्हणतो, काही झालंच नाही.

दोन बोटं. एवढीच अवजारं.
जाळ्याच्या गाठी चाचपतोस तीच.
दुसऱ्या तळहाताची कड, करंगळीच्या खालची,
भांडणात टेबलावर आपटतो ती,
तिथे टकटक कर.
पोलिसासारखी नको. शेजारणीचं बाळ झोपलंय
आणि तुला वाटीभर साखर हवी आहे, तशी.

माझ्यामागून म्हण:
खांदा दुखतोय, तरी मी आहे तसा मला मान्य आहे.

हसलास. सगळेच हसतात.
न्यूलिनच्या धक्क्यावर चाळीस वर्षं मासळी उतरवलेला माणूस
मंगळवारी संध्याकाळी स्वतःला मान्य करायला कशाला येईल?
बरं, ते सोड. म्हण: खांदा दुखतोय,
आणि मी या खुर्चीवर बसलोय.
खोटं नाही ना? मग चालेल.

आता भुवई, नाकाजवळ जिथे सुरू होते.
पाच-सात वेळा, मोजत बसू नकोस.
डोळ्याच्या कडेचं हाड. डोळ्याखालचं.
नाकाखाली, मिशी दुभंगते तिथे.
ओठाखालचा खळगा.
प्रत्येक ठिकाणी नाव घे त्याचं: हा खांदा. उजवा.
सगळं आयुष्यच दुखतंय असं म्हणू नकोस,
त्यावर बोट कुठे ठेवणार?
आता गळ्याच्या हाडाखाली,
टायची गाठ बसते तिथून बोटभर बाजूला.

का थांबलास?

"त्या दिवशीही हाच दुखत होता."
कुठल्या दिवशी?
"जोरी एकटा गेला तेव्हा."

किटली उकळून आपोआप बंद झाली.
पलीकडच्या खुर्च्यांवरून कुणी वर पाहिलं नाही.

ऐक. हे मी आधीच सांगायला हवं होतं,
माझं चुकलं:
झाकण उडालं की हात आत घालायचा नाही.
त्या सकाळकडे जाऊ नकोस. ती बोट, तो रेडिओ, आज नको.
डोळे उघडे ठेव. भिंतीवर काय दिसतं?
"घड्याळ. बंद आहे."
अजून?
"तुझ्या स्वेटरला भोक पडलंय, लव्हडे."
छान. बोटं चालू दे, तिथेच, गळ्याच्या हाडावर.
बोलू नकोस. श्वास सोड, लांब,
गरम चहावर फुंकर घालतो तसा.

हे का चालतं, मला विचारू नकोस.
तीस वर्षं घरोघरी फिरून लोकांच्या जखमा बांधल्या,
ठाऊक नसलेलं ठाऊक आहे म्हणायची खोड तिथेच मोडली.
कुणी नसांचं सांगतं,
कुणी म्हणतं लक्ष हलतं, एवढंच.
हलू दे की.
पण हात खांद्याच्या वर जात नसेल तर एक्स-रे काढ,
ते बोटांचं काम नव्हे.
आणि जोरीचं माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही.
पेन्झान्सला एक बाई आहेत, या कामात शिकलेल्या.
पहिल्यांदा मी सोबत येईन. बाहेर बसेन, विणकाम घेऊन.

काखेखालची जागा राहिली, आणि माथा.
त्या पुढच्या वेळी.
आता आकडा?

"सहा."
कोटाची बटणं लावून दारापर्यंत जाऊन
मागे वळून,
"साडेसहा लिही."

लिहिलं.

गुरुवारी सकाळी धक्क्यावर दिसला,
मांडीवर फाटकं जाळं, दातात लाकडी सुई,
दोन बोटं कॉलरच्या आत.
येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असेल,
तुटलेलं बटण शोधतोय.